भायखळ्याचा बंबखाना

‘अग्निशमन दल’ हा शब्द मला शाळेच्या पुस्तकात भेटला. आमच्या चाळीत त्याला बंबखाना म्हणत. बंब हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, ‘बोंबा’ म्हणजे पंप. पाणी तापवायचा तांब्याचा बंब आणि आग विझवणारा लाल बंब, दोन्ही आमच्या लहानपणी एकाच नावाने नांदत होते.

मुंबई अग्निशमन दलाचं मुख्यालय भायखळ्यात आहे. नकाशा उघडला की ही जागा किती मोक्याची आहे ते कळतं. पूर्वेला माझगावची गोदी, आजूबाजूला कापडाच्या गिरण्या, दक्षिणेला नागपाडा, मदनपुरा, कामाठीपुऱ्याची दाट वस्ती. कापूस, लाकडी जिने, रॉकेल आणि माणसं, म्हणजे आगीला लागणारं सगळं हाकेच्या अंतरावर! शहराला आगीची धास्ती जुनीच. १८०३ साली कोटातला मोठा भाग जळाला. आग विझवायची तर पाणी हवं, आणि नळाचं पाणी मुंबईला विहार तलावामुळे १८६० मध्ये मिळालं. त्याआधी विहिरी नि तलावच. पुढे १८८८ च्या कायद्याने आगीपासून शहराच्या रक्षणाची जबाबदारी महापालिकेवर आली. तेव्हा बंब घोडे ओढत, मोटारी विसाव्या शतकात आल्या.

आमच्या भागाचं रूप मात्र आगीपेक्षा प्लेगने बदललं. १८९६ च्या साथीनंतर, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले गेले. हवा खेळावी हा हेतू, पण बंबालाही वाट मिळाली. चाळींमधल्या गल्ल्या मात्र अरुंदच राहिल्या.

१४ एप्रिल १९४४ ची गोष्ट वडील सांगत. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभं होतं. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि वर कराचीहून भरलेला कापूस. दुपारी धूर दिसला. जवानांनी जहाजात शेकडो टन पाणी ओतलं, पण धुमसणारा कापूस नेमका कुठे आहे हे सापडेना. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. जहाज स्फोटकांनी भरलेलं आहे हे कळल्यावरही ही माणसं होज सोडून पळाली नाहीत. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो यामुळे.

बंबखान्याच्या भाषेत आगीच्या खबरेला ‘वर्दी’ म्हणतात. वर्दी आली की घंटा होते आणि पाळीतली माणसं हातातला घास टाकून गाडीत चढतात. रात्री ती घंटा ऐकू आली की आई कूस बदलायची आणि म्हणायची, “कुणाचं गं बाई!”

एकदा ते आमचंच निघालं. १९७६ ची दिवाळी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एका बिऱ्हाडाचा स्टोव्ह भडकला. बंब काही मिनिटांत गल्लीच्या तोंडाशी आला आणि तिथेच अडकला. गल्लीत हातगाड्या, पिंपं, कुणाची खाट. जवानांनी होज हाताने ओढत आणला. गॅलरीत ट्रंका, पाटे, लाकडाच्या फळ्या. दोघांना ओळीनेही चालता येईना. पलीकडच्या खोलीतल्या म्हाताऱ्या आजींना एका जवानाने खांद्यावर घेतलं. त्यांचे पाय भाजले होते. गॅलरीतली सर्वांत मोठी ट्रंक आमची होती. ती आधी बाजूला करावी लागली आणि त्यात वेळ गेला. आजी पुढे कधी नीट चालल्या नाहीत. आमच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, तेच वडिलांना सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक भंगारवाल्याला दिली.

गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून थंडावल्या, त्यांच्या जागी मनोरे आले. त्यांच्यासाठी उंच शिड्या आल्या. तरी जुन्या इमारतींतली आग आजही अवघडच. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या ‘गोकुळ निवास’ला लागलेल्या आगीत इमारत कोसळली आणि प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा बळी गेला.

गेल्या महिन्यात जुन्या चाळीत गेलो होतो. हातगाड्या नाहीत, स्कूटरी आहेत, दोन्ही बाजूंनी. एका मुलाला म्हटलं, “अरे, बंब कसा येणार इथून?” तो म्हणाला, “काका, बंब म्हणजे?”