कथेचा शेवट कसा ठरवावा?

कथा सुचते ती बहुधा आरंभासह. शेवट मात्र शोधावा लागतो. पात्रे उभी राहतात, प्रसंग जुळत जातात आणि अखेरच्या पानावर लेखणी अडते. मग अपघात, मृत्यू किंवा अवचित आलेले पत्र लेखकाच्या मदतीला धावते. कथा संपते, पण पूर्ण होत नाही. संपणे आणि पूर्ण होणे यांतील अंतर ओळखणे, हीच शेवट ठरवण्यातली पहिली पायरी होय.

मराठी कथेने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली आहेत. ना. सी. फडके यांनी तंत्राचा पुरस्कार केला. गुंतागुंत, उत्कंठा आणि शेवटी उकल. हैदराबादेत वकिली करणाऱ्या दिवाकर कृष्ण यांनी मात्र आपल्या पहिल्या कथासंग्रहापासूनच (१९२७) घटनेपेक्षा मनाच्या हालचालींना महत्त्व दिले. पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले आदींच्या नवकथेने ही वाट रुंद केली. पहिल्या वाटेवर शेवट सांगतो, ‘पुढे काय झाले’. दुसऱ्या वाटेवर, ‘मनात काय बदलले’.

दिवाकर कृष्णांच्याच शहरात घडणारी, पण आजच्या काळातली एक कथा कल्पून पाहू. वाळपईची एक वृद्ध विधवा मुलाकडे कुकटपल्लीला येते. तिथे सदनिका घेण्यासाठी मुलाला गावचे घर विकायचे आहे. गोव्याच्या कायद्यानुसार घरात तिचा निम्मा वाटा. म्हणून मुखत्यारपत्रावर तिची सही हवी. पहिल्याच दिवशी फाटकावरचा रखवालदार नोंदवही पुढे करतो आणि ‘कुठून आलात’ या रकान्यात ती ‘वाळपई’ असे लिहिते.

आता शेवट कोणता? सहीपूर्वीच तिला मृत्यू आला, तर पेच सुटत नाही. ज्या व्यक्तीने निर्णय घ्यायचा तीच उठून जाते. मुलाने आधीच गुपचूप विसार घेतला होता, असे उघड झाले तर? कलाटणी त्याज्य नव्हे. मोपासाँच्या हाराच्या कथेत (१८८४) हरवलेला हार नकली होता हे अखेरीस कळते आणि तो भरून देण्यासाठी उपसलेल्या दहा वर्षांच्या कष्टांचा अर्थच पालटतो. आपल्या कथेत मात्र या कलाटणीने मुलाची लबाडी तेवढी कळते. कथा आईची होती, ती मुलाची होऊन बसते.

तिसरा शेवट असा: ती सही करते. कचेरीतून परतताना फाटकावर नवा रखवालदार नोंदवही पुढे करतो. पेन क्षणभर थबकते आणि ती पुन्हा ‘वाळपई’ असेच लिहिते. शब्द तोच, पण आता त्या गावात तिचे घर उरणार नाही. कृती आरंभीचीच, अर्थ मात्र बदललेला. इथे थांबावे. मुलगा काय म्हणाला, पैशाचे काय झाले, हे सांगण्याचे कारण नाही.

याला मोकळा शेवट म्हणता येईल. मात्र मोकळा शेवट म्हणजे निर्णय टाळणे नव्हे. चेखव्हच्या कुत्रेवाल्या बाईच्या कथेत (१८९९) प्रेमिकांना कळते, की खरी कठीण वाट आता कुठे सुरू होत आहे. आणि कथा तिथेच थांबते. पुढचे आयुष्य अनिश्चित आहे, पण दोघांचे मन निश्चित झाले आहे. वाचकाला एवढे मिळाले की पुरे.

लिहून झाल्यावर पहिले पान पुन्हा वाचावे आणि त्याने कोणता प्रश्न उभा केला ते पाहावे. शेवट त्याच प्रश्नाला भिडायला हवा. मग अखेरचा परिच्छेद हाताने झाकून कथा वाचावी. काहीच उणे वाटले नाही, तर तो खोडावा. बहुतेकदा त्यात लेखक कथेचा अर्थ सांगत बसलेला असतो. पात्राने पेलायचा निर्णय त्यालाच पेलू द्यावा, आणि अर्थ वाचकाला.