एका दरात सगळे: उद्योगनगरीचा पर्यटक आणि कोकणातील घरगुती निवास

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील नोकरदाराचा प्रवास त्याच्या आवडीपेक्षा कारखान्याच्या पाळ्यांनी आणि रजेच्या हिशेबाने अधिक ठरतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे आकुर्डी, भोसरी व चाकणपर्यंत वाहन उद्योग पसरत गेला. या वाढीबरोबर ठरलेल्या पगाराचा आणि ठरलेल्या रजेचा मोठा मध्यमवर्ग येथे तयार झाला. वीजभार विभागण्याच्या जुन्या व्यवस्थेमुळे येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, त्यामुळे शाळा-कॉलेजांच्या सुट्टीशी ती जुळत नाही आणि कुटुंबाने मिळून घालवण्याचे सलग दिवस मोजकेच उरतात. जुन्या करप्रणालीत मिळणारी रजा प्रवास सवलत चार वर्षांच्या गटात दोन प्रवासांसाठी, भारतापुरती आणि केवळ प्रवासभाड्याला लागू असल्याने राहण्या-जेवणाचा खर्च पूर्णपणे खिशातून करावा लागतो. अशा कुटुंबाला खर्चाचा आकडा निघण्यापूर्वीच कळावा असे वाटते आणि राहणे-जेवणासह एकरकमी दराचे आकर्षण येथूनच सुरू होते.

ही कल्पना जगभर रुजवण्याचे श्रेय मुख्यतः क्लब मेड या फ्रेंच संस्थेकडे जाते. जेरार ब्लिट्झ यांनी १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबूंची वसाहत उभारून तिचा आरंभ केला. पैसे आधीच भरलेले असल्याने पाहुण्याने पाकीट बाळगू नये, असा तिचा दंडक होता, आणि वरखर्चासाठी गळ्यातील मण्यांच्या माळेतून मणी काढून देण्याची पद्धत पुढे रूढ झाली. कॅरिबियन समुद्रातील जमैकात या पद्धतीला १९७० च्या दशकात वेग आला आणि १९८१ मध्ये गॉर्डन स्ट्युअर्ट यांनी माँटेगो बे येथे सँडल्सचे पहिले रिसॉर्ट सुरू केले. त्या काळातील राजकीय हिंसाचारामुळे घाबरलेल्या परदेशी पाहुण्याला कुंपणाआड सुरक्षित समुद्रकिनारा, जेवण, मद्य आणि करमणूक एकत्र देणे हा या यशाचा मोठा भाग होता. मात्र मनगटावरील पट्टा दाखवून सारे काही मिळू लागल्यावर पाहुण्याला बाहेर पडण्याचे कारण उरत नाही आणि गावातील खाणावळ, टॅक्सीवाला व बाजार यांना त्याच्या खर्चाचा वाटा फारसा मिळत नाही. पर्यटकाने दिलेला पैसा नफा, आयात माल आणि दलाली यांच्या रूपाने त्या प्रदेशाबाहेर निघून जाणे याला पर्यटन-अर्थशास्त्रात ‘गळती’ म्हणतात आणि कॅरिबियन बेटे हे तिचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

उद्योगनगरीतील कुटुंबाला हीच सोय ताम्हिणी घाटापलीकडे वेगळ्या स्वरूपात मिळते. मुळशी, निजामपूर, माणगाव आणि म्हसळामार्गे गाठता येणाऱ्या रायगड जिल्ह्यातील दिवेआगरमध्ये नारळी-पोफळीच्या वाडीतच यजमानांचे घर असते आणि त्याला जोडून पाहुण्यांच्या खोल्या असतात. येथे अनेक ठिकाणी ‘माणशी दर’ सांगितला जातो व त्यात मुक्काम, सकाळचा चहा-नाश्ता आणि दोन वेळचे जेवण धरलेले असते. उकडीचे मोदक मात्र आधी सांगून नगावर घ्यायचे आणि सुरमई किंवा पापलेटचे पैसे त्या दिवशीच्या बाजारभावाप्रमाणे द्यायचे. ही व्यवस्था रिसॉर्टसारखीच आटोपशीर असली तरी घरात करमणुकीची साधने नसल्याने पाहुणा जेवण होताच बाहेर पडतो आणि परिसर पाहणे हा मुक्कामाचाच भाग ठरतो.

या परिसरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. दिवेआगरचा शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील ताम्रपट मराठीच्या आरंभीच्या लेखांत गणला जातो आणि तेथील रूपनारायणाची मूर्ती शिल्पकलेचा उत्तम नमुना आहे. दक्षिणेला पेशव्यांच्या भट घराण्याचे श्रीवर्धन आणि त्यापुढे हरिहरेश्वर लागते, जेथील खडकाळ प्रदक्षिणामार्ग ओहोटीच्या वेळीच सुरक्षित असतो. बागमांडल्याहून गाडीसह फेरीबोटीने, स्थानिकांच्या भाषेत ‘जंगलजेटी’ने, सावित्रीची खाडी ओलांडली की वेश्वीला रत्नागिरी जिल्हा सुरू होतो आणि बाणकोटचा किल्ला पाहून नाना फडणवीसांच्या मूळ गावी, वेळासला पोहोचता येते.

एकरकमी दराचा गावाला कसा उपयोग होतो, हे वेळासमध्ये स्पष्ट दिसते. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या वाळूत अंडी घालतात. पूर्वी ही अंडी माणसे व कोल्हे-कुत्री काढून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने संरक्षण सुरू केले. घरट्यातील अंडी, जी साधारण शंभराच्या आसपास असतात, जाळीच्या कुंपणातील तशाच खोल खड्ड्यात हलवली जातात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघण्याची वेळ आली की त्यावर टोपली पालथी घालतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलल्यावर दिसलेली पिल्ले पाण्यात न टाकता वाळूवर सोडतात, कारण त्यांनी स्वतः सरपटत समुद्र गाठणे आवश्यक मानले जाते. हे पाहायला येणाऱ्यांचा मुक्काम व जेवण गावातील घरांत होत असल्याने अंडी विकण्यापेक्षा ती जपण्यात गावाचा फायदा निर्माण झाला.

कायदाही या वाटेला अनुकूल आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार स्थानिक रहिवाशांना घराच्या जोत्याचे क्षेत्र न वाढवता आणि दर्शनी रूप न बदलता घरातच पर्यटकांची सोय करता येते. या सोयीचे मोल आपत्तीनंतर अधिक जाणवते: ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन परिसरातील नारळ-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नव्या झाडाला फळ धरायला अनेक वर्षे लागत असल्याने त्या काळात पाहुण्यांपासून मिळणारे उत्पन्न अशा घरांना विशेष मोलाचे ठरते.

घरगुती निवास म्हणजे आपोआप निर्दोष पर्यटन, असा मात्र याचा अर्थ नाही. वाळूत गाड्या घालणे, प्लास्टिक टाकून जाणे, भरती-ओहोटी न विचारता पाण्यात उतरणे आणि उन्हाळ्यात विहिरींवर पडणारा ताण या तक्रारी किनाऱ्यावर सर्वत्र ऐकू येतात. त्यामुळे कारखान्याची कामगार संघटना किंवा निगडी-चाकणची गृहसंस्था सहलीचे दर ठरवते तेव्हा ‘माणशी किती?’ याच्या जोडीने आणखी तीन प्रश्न विचारावेत: स्वयंपाक कोणाच्या घरी होतो, मासळी कोणाकडून येते आणि कचरा कुठे जातो. त्यांची उत्तरे गावातच मिळत असतील तर तो दर पाहुण्याइतकाच गावालाही परवडणारा आहे. आणि शाळा-कॉलेजांना सुट्टी असताना गुरुवारला रजा जोडून शनिवार-रविवारची गर्दी टाळणे या पट्ट्यातील कुटुंबांना शक्य असल्याने त्यांनी तेवढे अवश्य करावे.