संघाचा वेग राहतो कुठे?



मागच्या व्याख्यानात आपण अवयव आणि अवयवी यांचा विचार केला. अवयव म्हणजे भाग, अवयवी म्हणजे त्या भागांचं मिळून झालेलं अखंड. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यानं विचारलं, ‘सर, धागे आणि वस्त्र यांचा हा वाद दीड-दोन हजार वर्षं चालला, पण त्याचा आज उपयोग काय?’ प्रश्न रास्त होता. म्हणून आज एकच उदाहरण घेणार आहे, आणि ते आहे अमेरिकन फुटबॉलचं. दचकू नका. आपला पायानं खेळायचा फुटबॉल वेगळा. हा हातात चेंडू घेऊन पळायचा, अंगावर जाऊन पाडायचा खेळ. मला त्याची गोडी लागली ती टेक्सासमधल्या नातवामुळे. त्यानं एकदा विचारलं, ‘आजोबा, टीम फास्ट करायची तर फास्ट प्लेयर घेतले की झालं ना?’

आता हे वाक्य नीट बघा. प्रत्येक खेळाडू वेगवान, म्हणून संघ वेगवान. तर्कशास्त्रात आपण म्हणतो, प्रत्येक वीट हलकी आहे म्हणून भिंत हलकी आहे, असं म्हणता येत नाही. भागांचा गुण अखंडाला जसाच्या तसा लागू होत नाही. पण गंमत अशी, की तिथले व्यावसायिक संघसुद्धा या चुकीत वारंवार सापडले आहेत.

तिथे दर वर्षी इंडियानापोलिसला नवोदितांची चाचणी होते. चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, पळायचं आणि घड्याळ लावायचं. २०१७ साली जॉन रॉस नावाचा तरुण ४.२२ सेकंदांत पळाला. तो तेव्हाचा विक्रम होता. सिनसिनाटीच्या संघानं त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. पहिल्या मोसमात त्याच्या हाती एकही पास आला नाही. दुखापतींनी त्याला सतत छळलं, तेव्हा दोष त्याच्या माथी मारायचा नाही. मुद्दा एवढाच, की घड्याळावरचा आकडा मैदानावर आपोआप उतरत नाही.

का उतरत नाही? साधा हिशोब करू. एक खेळाडू ४.२ सेकंदांत पळतो, दुसरा ४.५ सेकंदांत. फरक तीन दशांश सेकंदांचा. शेवटाला ते अंतर भरतं अडीच-तीन मीटर. पुष्कळ झालं. पण पहिल्याला समोरच्याची चाल ओळखायला तीन दशांश सेकंद जास्त लागले तर? दोघं बरोबरीत आले! पायांनी कमावलेलं सगळं डोक्यानं घालवलं. आपल्या खो-खोत हेच दिसतं. पाठलाग करणारा कितीही चपळ असो, खो वेळेवर मिळाला नाही आणि बसलेला गडी योग्य दिशेला उठला नाही, तर त्याची चपळाई वाया जाते. संघाचा वेग एकाच्या पायात नसतो, तो दोघांच्या मधल्या जागेत असतो.

आता मुख्य कथा. १९८९ साली डॅलस काउबॉइज संघाचा मालक बदलला आणि जिमी जॉन्सन हा नवा प्रशिक्षक आला. आदल्या वर्षी संघ तीन सामने जिंकून तेरा हरला होता. संघात हर्शेल वॉकर नावाचा एक तारा होता. हा माणूस कॉलेजात असताना नावाजलेला स्प्रिंटर होता. जॉन्सननं काय केलं असेल? त्या ऑक्टोबरात त्यानं वॉकरलाच मिनेसोटाला देऊन टाकलं. आपला सर्वांत वेगवान माणूस दिला आणि बदल्यात काही खेळाडू आणि पुढच्या तीन वर्षांतल्या नवोदितांच्या निवडीचे बरेच हक्क घेतले. त्या मोसमात संघ सोळापैकी एकच सामना जिंकला. लोक म्हणाले, हा माणूस वेडा आहे.

त्याच्या डोक्यात दुसरंच गणित होतं. मायामी विद्यापीठात असताना त्यानं एक रीत बसवली होती. बचावाच्या तीन फळ्या असतात. सर्वांत मागची हलक्या, वेगवान गड्यांची; मधली त्याहून दणकट; पुढची अंगापिंडानं भारी. जॉन्सन मागच्या फळीतला योग्य मुलगा घेऊन मधल्या फळीत आणायचा आणि मधल्यातला पुढच्या फळीच्या टोकाला उभा करायचा. माणूस तोच, त्याचा वेगही तोच. पण मागच्या फळीत जो सर्वसाधारण ठरला असता, तो मधल्या फळीत सगळ्यांहून वेगवान ठरला. जागा बदलली आणि अख्खा बचाव वेगवान झाला!

याची किंमत असते, बरं का. हलका माणूस पुढे आणला की समोरचा धिप्पाड गडी त्याला रेटून नेतो. त्यावर उपाय म्हणजे पुढच्या फळीत आलटून पालटून ताजे गडी उतरवायचे. शेवटच्या पंधरा मिनिटांत दमलेला वेगवान माणूस हा हळूच माणूस असतो. तेव्हा राखीव खेळाडू हीसुद्धा वेगाचीच गुंतवणूक आहे. १९९२ च्या मोसमात याच संघाच्या बचावानं प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत कमी यार्ड दिले, आणि जानेवारी १९९३ मध्ये संघानं बफेलोला ५२–१७ असं हरवून सुपर बोल जिंकला. वॉकरच्या बदल्यात मिळालेल्या हक्कांपैकी एकाची पुढे अदलाबदल करून एमिट स्मिथ आला होता. जाणकार त्याला बुटका आणि हळू म्हणायचे. तो चेंडू घेऊन एकूण १८,३५५ यार्ड पळाला, आणि तो त्या लीगचा विक्रम आहे.

मग वेगवान माणसं नकोतच का? तसं नाही. २४ सप्टेंबर २०२३ ला मायामी डॉल्फिन्सनं डेन्व्हरविरुद्ध ७० गुण केले. त्या संघानं वेगवान गडी जाणूनबुजून जमवले होते. पण त्या दिवशी त्यांच्यातला जेलन वॅडल दुखापतीमुळे खेळला नव्हता. एक वेगवान गडी बाहेर बसला तरी संघाचा वेग टिकला, कारण संघाची आखणीच वेगाभोवती केलेली होती. चेंडू सुटण्याआधीच एकजण आडवा पळू लागायचा आणि बचाव करणाऱ्यांना क्षणभर विचार करायला लावायचा. इथे पुन्हा तेच तीन दशांश सेकंद आले!

तर नैयायिक म्हणतात, वस्त्र हे धाग्यांहून वेगळं आहे. बौद्ध म्हणतात, भाग सोडून अखंड असं काही नाहीच. नागसेनानं मिलिंद राजाला रथाच्या दृष्टान्तानं हेच समजावलं. मी इथे नैयायिकांकडे झुकतो. तेच धागे दुसऱ्या रीतीनं विणले, की वस्त्र दुसरं होतं.

जाता जाता एक गोष्ट, जी मला अस्वस्थ करते. या लीगमध्ये बत्तीस संघ आहेत. प्रत्येकाकडे मोसमापूर्वी नव्वद खेळाडू असतात आणि ऑगस्टअखेर ते त्रेपन्नावर आणावे लागतात. म्हणजे हजाराहून अधिक तरुणांना घरी जा असं सांगितलं जातं. काहींना सराव-संघात जागा मिळते, बाकीच्यांना नाही. शिवाय १९९४ पासून पगारावर एकूण मर्यादा आहे, त्यामुळे एकाला जास्त दिलं की दुसऱ्याला कमी. संघबांधणी म्हणजे निवड, आणि प्रत्येक निवड हा एक नकारही असतो. त्या नकारात किती जण खरोखर हळू होते आणि किती जण फक्त चुकीच्या फळीत उभे होते? घड्याळ याचं उत्तर देत नाही. ते ओळखायला जॉन्सनसारखी नजर लागते.

मी चाळीस वर्षं वर्गात शिकवलं. मागच्या बाकावरच्या किती मुलांना मी ‘मंद’ म्हणून सोडून दिलं असेल, हा विचार हल्ली मनात येतो. कदाचित त्यांची फळी बदलायला हवी होती.

नातवाला मी एवढंच सांगितलं, ‘बाळा, फास्ट प्लेयर घ्यावेतच. पण आधी विचारावं, हा कुठे उभा राहिला तर फास्ट ठरेल?’