दोन मुरुड आणि एक चुंबक

सूर्याचे हवामान : लेखांक 6

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या शिवारात मोजणीची तारीख लागली, की आता साखळीऐवजी रोव्हर येतो. बांधावर काठी, काठीच्या टोकाला तबकडी. मोजणीवाला हातातल्या पडद्यावर ‘फिक्स’ (जागा पक्की झाल्याची खूण) यायची वाट बघतो आणि भावकीतले दोघे दोन बाजूंनी त्यात डोकावतात. उपग्रहांचे संदेश शेकडो किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरातून खाली येतात. सूर्य खवळला की हा थर ढवळून निघतो, फिक्स लांबते, सेंटिमीटरचा भरवसा डळमळतो. मे 2024 मध्ये वीस वर्षांतले सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आले, तेव्हा लडाखमधल्या हानलेचे आकाश लाल झाले आणि अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहाच्या भरवशावर चालणारे ट्रॅक्टर खोळंबले.

हे आधी कळते का? 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट ज्या जिल्ह्याने सोसली, तिथे हा प्रश्न पहिला येणारच. भूकंपाची वेळ आजही सांगता येत नाही. सूर्याचे थोडे बरे आहे, पण थोडेच.

सौरज्वाळेचा प्रकाश आठ मिनिटांत पोचतो आणि तो प्रकाश हीच तिची पहिली बातमी. सूर्यावरच्या डागांचा गट किती गुंतागुंतीचा आहे ते पाहून शास्त्रज्ञ उद्याच्या ज्वाळेची शक्यता टक्क्यांत सांगतात, पावसाच्या अंदाजासारखी. ज्वाळेबरोबर कधी कधी प्लाझ्माचा प्रचंड लोट सुटतो. त्याला इथवर यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. तो निघालेला दिसतो, पोचण्याची वेळ काही तासांच्या फरकाने सांगता येते. खरी मेख वेगळीच: लोटातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल तर पृथ्वीचे चुंबकीय कवच उघडते, उत्तरेकडे असेल तर बहुतेक वेळा थोडक्यात निभावते. ही दिशा लोट पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर आल्यावरच मोजता येते. भारताचे आदित्य-एल1 जानेवारी 2024 पासून त्याच टप्प्यावर फिरते आहे. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने घडवली. त्या टप्प्यावरून मिळणारी आगाऊ सूचना अर्ध्या-एक तासाची. मोजणीवाल्याला चहा घेण्यापुरती!

वादळ आले, ते केवढे? याचे उत्तर जमिनीवरचा चुंबक देतो, आणि त्यासाठी दुसऱ्या मुरुडाकडे जावे लागते, कोकणातल्या, जंजिऱ्याच्या. त्याच किनाऱ्यावर उत्तरेला अलिबाग आहे. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेची ट्राम येणार असे ठरले आणि तिच्या प्रवाहाने सुया बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी काम अलिबागला हलवले. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुने-नवे आकडे जुळावेत म्हणून. खाते बदलताना शिल्लक ताडून बघावी तसे.

कुलाब्याच्या नोंदवह्यांतले एक पान 2 सप्टेंबर 1859 चे आहे. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर ज्वाळा पाहिली होती. कुलाब्याचे निरीक्षक टांगलेल्या चुंबकाची हालचाल पट्टीवर डोळ्यांनी वाचत होते. आकडे घसरू लागले तशा त्यांनी नोंदी काही मिनिटांच्या अंतराने घेतल्या. 2003 मध्ये शास्त्रज्ञ ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि सहकाऱ्यांनी त्या पानावरून हिशेब मांडला : घसरण सुमारे 1600 नॅनोटेस्ला. 1989 मध्ये कॅनडातला क्युबेक प्रांत नऊ तास अंधारात बुडवणाऱ्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे 589 नॅनोटेस्लापर्यंत उतरला होता.

(पुढील लेखांकात : क्युबेकची ती रात्र)