केरसुणी, कुकर आणि घोषवाक्ये

व्हॅक्यूम क्लीनर हे यंत्र आपल्याकडील मध्यमवर्गीय घरात कधी फारसे रुळले नाही. ज्यांनी हौसेने घेतले त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी ते आज माळ्यावर, मूळ खोक्यासह, सुखरूप आहे. परंतु या यंत्राच्या जाहिरातींतील एकदोन वाक्ये मात्र जगभर गाजली, आणि घरगुती उपकरणांच्या घोषवाक्यांचा विचार करू पाहणाऱ्याला त्यांच्यापासूनच आरंभ करावा लागतो.

पहिले वाक्य हूवर या अमेरिकी कंपनीचे, १९१९ सालचे. ‘इट बीट्स अ‍ॅज इट स्वीप्स अ‍ॅज इट क्लीन्स’ असे ते आहे. हे यंत्र गालिचा बडवते, बडवता बडवता झाडते आणि झाडता झाडता स्वच्छ करते, असा त्याचा मतलब. तीन क्रियापदे आहेत, विशेषण एकही नाही. गालिचा दोरीवर टाकून काठीने बडवण्याचे काम ज्या घरात नित्याचे होते, त्या घरातील बाईला यंत्र नेमके काय करणार हे या एका ओळीत कळले. पुढे ब्रिटनमध्ये ‘हूवर’ हे कंपनीचे नाव न राहता झाडण्याचे क्रियापदच होऊन बसले. आपल्याकडे ‘झेरॉक्स’चे झाले तसे.

दुसरे वाक्य इलेक्ट्रोलक्स या स्वीडिश कंपनीचे. ‘नथिंग सक्स लाइक अ‍ॅन इलेक्ट्रोलक्स’ म्हणजे धूळ ओढून घेण्यात इलेक्ट्रोलक्सची सर कशालाच नाही. अमेरिकी बोलीत त्याच क्रियापदाला ‘अगदी टाकाऊ असणे’ असाही अर्थ आहे. त्यामुळे व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून ही कथा, स्वीडिश लोकांना इंग्रजी येत नव्हते म्हणून त्यांची कशी फजिती झाली, या रूपात अजून सांगितली जाते. आमचे विद्यार्थीही ती उत्तरपत्रिकेत इमानेइतबारे उतरवतात. वास्तविक ही जाहिरात १९६० च्या दशकात ब्रिटनमधील गिऱ्हाइकांसाठी होती, आणि तेथे तिचा सरळ अर्थच मनात येत असे. तेही वाक्य हूवरच्याच जातीचे होय. यंत्राचे काम काय, एवढेच ते सांगते.

आपल्या देशात हे यंत्र मोठ्या प्रमाणावर आणले ते युरेका फोर्ब्सने. टाटा समूहातील फोर्ब्स आणि हीच इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून १९८२ साली ही कंपनी उभी राहिली. तिच्या यंत्राचे नाव युरोक्लीन. घोषवाक्याच्या बळावर हा माल येथे खपणार नाही, हे या मंडळींनी अचूक ओळखले, आणि टाय बांधलेले तरुण विक्रेते दारोदार पाठवले. गादीवर यंत्र फिरवायचे आणि निघालेली चिमूटभर धूळ गृहिणीपुढे ठेवायची, हा त्यांचा परिपाठ. त्यांना अशी वणवण का करावी लागली, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात आहे. जेथे श्रम स्वस्त आणि भांडवल महाग, तेथे श्रम वाचवणाऱ्या यंत्राला मागणी बेताचीच असणार. आपल्या घरांत गालिचे नव्हते. फरशी होती, कोबा होता, शेणाने सारवलेली जमीन होती. केरसुणी काही आण्यांची, पुढे काही रुपयांची. आणि ती चालवणारा हात घरचा असेल तर त्याची मजुरी शून्य धरलेली. ज्या श्रमाची किंमतच कोणी मोजत नाही, ते वाचवण्यासाठी हजारो रुपये कोण मोजणार?

यंत्र माहीत नसलेल्या माणसाला यंत्र विकण्याचा हा प्रश्न मात्र आमच्या भागाला नवा नाही. विट्याहून किर्लोस्करवाडी फार लांब नाही. औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तेथे कारखाना हलवला. लोखंडी फाळाने जमीन नासते, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत दृढ होता, आणि त्यांचे पहिले नांगर दीर्घ काळ गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले होते. अशा वेळी नुसत्या चटकदार वाक्याचा उपयोग नसतो. नांगर प्रत्यक्ष शेतात चालवून दाखवावा लागतो. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले तेही मुळात कारखान्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकापर्यंत नेण्यासाठी. मालाच्या जाहिरातीतून एक वाङ्मयीन मासिक जन्माला यावे, आणि त्याच घरातून १९३० साली ‘स्त्री’ निघावे, हे जाहिरातीच्या इतिहासातील दुर्मीळ उदाहरण म्हटले पाहिजे.

विट्याहून कराडला जाताना वाटेत ओगलेवाडी लागते. ओगले बंधूंच्या काच कारखान्यातून निघालेला प्रभाकर कंदील आमच्या आधीच्या पिढीने घरोघर पाहिला. ओगल्यांच्या वडिलांचे नाव प्रभाकर, आणि प्रभाकर म्हणजे सूर्य. कंदिलाला सूर्याचे नाव दिल्यावर निराळे घोषवाक्य कशाला हवे? कारखाना बंद पडून पुष्कळ वर्षे झाली. नाव मात्र पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही विचारा, अजून ओठांवर आहे.

मग बदल कोठे झाला? विविधभारतीवर १९६७ साली आणि दूरदर्शनवर १९७६ साली जाहिराती सुरू झाल्या. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने चित्रवाणी रंगीत झाली. सेकंदाच्या हिशेबाने पैसे मोजायचे म्हटल्यावर यंत्राची माहिती देत बसणे परवडत नाही; मनात घर करील असा एखादा तुकडा हवा असतो. ‘मर्फी, घर घर की रौनक’ हा त्यातल्या त्यात निरागस तुकडा. शीतकपाटांपैकी केल्व्हिनेटरने आपण ‘द कूलेस्ट वन’ असल्याचे सांगितले. त्यात निदान थंडीचा उल्लेख तरी होता. ओनिडाने मात्र वेगळीच वाट धरली. ‘नेबर्स एन्व्ही, ओनर्स प्राइड’, शेजाऱ्याचा मत्सर तो मालकाचा अभिमान. सोबत शिंगे आणि शेपूट असलेला हिरवा सैतान, आणि मत्सराने कोणी फोडलेला चित्रवाणीसंच. या मोहिमेमागे गोपी कुकडे या मराठी कलादिग्दर्शकाची कल्पकता होती. व्हेब्लेनने १८९९ साली आणि ड्यूसेनबेरीने १९४९ साली जे जाड ग्रंथांत मांडले, की माणूस वस्तू घेतो ती पुष्कळदा शेजाऱ्याकडे पाहून, ते या चार शब्दांत सामावले आहे. वर्गात दिखाऊ उपभोग शिकवताना मला याहून सोपे उदाहरण सापडलेले नाही. तरीही एक गोष्ट नोंदवावी लागते. संचात चित्र कसे दिसते, तो किती वर्षे टिकतो, याबद्दल त्या वाक्यात अवाक्षर नाही.

परंतु घरगुती उपकरणांच्या घोषवाक्यांत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते प्रेस्टिज कुकरचे. ‘जो बीवी से करे प्यार, वो प्रेस्टिज से कैसे करे इन्कार’ हे वाक्य १९८० च्या दशकात सर्वतोमुखी झाले आणि पुढे ऐश्वर्या राय व अभिषेक बच्चन यांना घेऊन पुन्हा वापरले गेले. वाक्य प्रासादिक आहे, यमक चोख आहे. विकण्याच्या दृष्टीने तर ते नामी आहे, कारण कुकर फुटण्याची भीती हा त्या काळी घराघरांतला खरा प्रश्न होता आणि सुरक्षितपणाला त्यात प्रेमाचे नाव मिळाले. पण व्याकरणाच्या अंगाने पाहा. कर्ता कोण? नवरा. पैसे देणारा तो, प्रेम करणारा तो, नकार देण्याचा अधिकारही त्याचाच. कुकर लावणारी वाक्यात आहे ती कर्म म्हणून. हूवरच्या वाक्यात कर्ता यंत्र होते. ते बडवते, झाडते. येथे यंत्र भेटवस्तू झाले, आणि भेट मिळाल्यावर स्वयंपाक कोणी करायचा हा प्रश्न उपस्थितच होत नाही.

ही केवळ शब्दांची कसरत आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून थोडे आकडे पाहू. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१ टक्क्यांच्या वर निघाले, पुरुषांचे २६ टक्क्यांच्या आसपास. जे करतात त्यांच्यापुरते पाहिले तरी स्त्रीची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात आणि पुरुषाची ९७. म्हणजे कुकर आला, मिक्सर आला, धुलाईयंत्र आले, आणि तरीही रोजचे पाच तास शिल्लक आहेतच. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार विदुषीने ‘मोअर वर्क फॉर मदर’ या १९८३ सालच्या ग्रंथात याची मीमांसा केली आहे. यंत्राने एकेक काम हलके होते हे खरे. पण पूर्वी त्या कामाला हात लावणारी इतर माणसे बाजूला होतात आणि स्वच्छतेची, चवीढवीची अपेक्षा वर चढते. पूर्वी आठवड्याला धुतली जाणारी चादर आता दोन दिवसांनी धुलाईयंत्रात पडते. दळणाचा डबा गिरणीत नेणारा मुलगा, पाण्याची घागर उचलणारा दीर, गाद्या उन्हात टाकणारे आजोबा मोकळे झाले. यंत्राचे बटण मात्र तिनेच दाबायचे.

यंत्रांनी काही केलेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पाट्या-वरवंट्यावर ज्यांनी तासन्‌तास वाटण वाटले त्यांना विचारावे. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने १९६३ साली ‘सुमीत’ मिक्सर घडवला तो घरातील परदेशी यंत्र जळाल्यावर, भारतीय वाटणाला पुरे पडेल अशी मोटर हवी म्हणून. ओले खोबरे आणि भिजलेली डाळ या यंत्रात वाटली जाई, हीच त्याची जाहिरात होती.

आमच्या खानापूर तालुक्यापुरते बोलायचे तर येथे उपकरणे आली ती बऱ्याच अंशी गलाईवाल्यांबरोबर. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली ही मंडळी यात्रेला, दिवाळीला गावी येताना मिक्सर आणत, चित्रवाणीसंच आणत. पुढे धुलाईयंत्रेही आली. आता स्वयंचलित धुलाईयंत्राला एका धुण्याला शंभर लिटरच्या आसपास पाणी सहज लागते. टेंभू योजनेचे पाणी येण्यापूर्वी ज्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागे, तेथे हे यंत्र वर्षातील कित्येक महिने वर कापडी झालर घातलेले स्टूल म्हणून उभे असे. कोणत्याही घोषवाक्यात पाण्याचा आणि भारनियमनाचा उल्लेख नसतो. नळाला चोवीस तास पाणी आणि भिंतीत अखंड वीज आहे, असे गृहीत धरूनच ती लिहिलेली असतात. आपल्याच औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने ‘ब्रिंग होम द लीडर’ म्हणत घराघरांत यंत्रे पोहोचवली. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली.

अलीकडे दुकानांत शिरले तर आणखी एक बदल जाणवतो. यंत्राविषयीचे वाक्यच फलकावरून नाहीसे झाले आहे. तेथे लिहिलेले असते, ‘शून्य टक्के व्याज’, ‘सुलभ हप्ते’. म्हणजे घोषवाक्य आता कर्जाचे झाले. शिक्षक आणि कारकून मंडळी या जाहिरातींचे हुकमी गिऱ्हाईक, कारण पगार ठरलेला आणि हप्ता वेळेवर. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट बजावले की शून्य टक्के व्याज असे काही नसते. ते व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा नाकारलेल्या सवलतीत दडलेले असते. रोखीने घेतले तर किती कमी कराल, हा प्रश्न दुकानदाराला विचारला की दडलेले व्याज बहुधा तत्काळ बाहेर येते. घोषणेचा मोह विक्रेत्यालाही कसा भोवतो, हे हूवरच्याच ब्रिटिश शाखेने १९९२ साली दाखवून दिले आहे. शंभर पौंडांची खरेदी करा आणि विमानाची दोन तिकिटे फुकट न्या, अशी तिची योजना होती. लोकांनी यंत्रासाठी नव्हे तर तिकिटांसाठी रांगा लावल्या, कंपनीला सुमारे पाच कोटी पौंडांचा खड्डा पडला आणि १९९५ साली तिचा युरोपातील व्यवसाय इटलीतील कँडी कंपनीला विकावा लागला. त्या यंत्रांपैकी किती खोक्यातून बाहेर निघाली असतील, देव जाणे.

उपकरण घेताना वाचण्यासारखा मजकूर एकच उरला आहे, आणि तो जाहिरातदाराने लिहिलेला नाही. ऊर्जा कार्यक्षमता विभागाची ताऱ्यांची पट्टी २००६ पासून आली. २०१० पासून काही उपकरणांना ती सक्तीची झाली. शीतकपाटावरील पट्टीत वर्षाला किती युनिट वीज लागेल याचा आकडा असतो. त्याला यमक नाही, सैतान नाही, नवराबायकोचे प्रेमही नाही. त्या आकड्याला आपल्या वीजबिलातील दराने गुणले, दहा वर्षांचे पैसे काढले, आणि दोन उपकरणांच्या किमतींतील फरकाशी ते ताडून पाहिले, की हिशेब पुरा होतो. दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटे लागतात. हिशेब करताना घरातून ज्या व्यक्तीला ते उपकरण रोज वापरायचे आहे तिला मात्र बरोबर न्यावे. पट्टीवर नसलेले चार प्रश्न ती विचारील.