घरघर थांबवा, पण अर्थिंग तोडून नको

गणेशोत्सव हा राज्य महोत्सव असल्याची घोषणा 10 जुलै 2025 ला विधानसभेत झाली आणि तेव्हापासून सगळी चर्चा डीजेच्या भिंतींवर अडली आहे. किती डेसिबल, रात्री किती वाजेपर्यंत, कारवाई कुणावर. यात घरातला ॲम्प्लिफायर राहूनच गेला. गणपती बसण्याआधी माळ्यावरचे सेट खाली येतात, आणि आरती सुरू व्हायच्या आधी अनेक घरांत स्पीकरमधून येते ती जाड, सलग घरघर. पुणे जिल्ह्यातल्या वरवंडसारख्या गावात तर आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतहून मुक्कामाला येते, तेव्हाच भजनाचे माईक बाहेर निघालेले असतात. या घरघरीवर गावोगाव एकच उपाय चालतो: थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन काढून टाकायची. घरघर तिथल्या तिथे थांबते. उपाय लागू पडतो, म्हणूनच तो इतका पसरला आहे आणि म्हणूनच तो जीवघेणा आहे.

घरघर येते कुठून? वरवंडमधलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. जुनं वायरिंग तसंच ठेवून वर नवा स्लॅब पडलेला. स्लॅबवर डिश, अंगणात बोअरची मोटर आणि तिची वेगळी अर्थिंग, मीटरपाशी दुसरी. ॲम्प एका खोलीच्या बोर्डावर, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या. डिशची वायर स्लॅबवरच्या लोखंडी खांबाला टेकलेली. आता टीव्हीतून ॲम्पला ऑडिओ केबल जोडली की जमिनीशी जोडलेल्या दोन जागांमध्ये एक नवी वाट तयार होते. त्या दोन जागांत थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी करंट केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाहू लागतो. घरातल्या साध्या ऑडिओ केबलमध्ये ती जाळी आवाजाच्या सिग्नलचीही परतीची तार असते. त्यामुळे जाळीत पडलेला व्होल्टेज सिग्नलमध्येच मिसळतो. सिग्नल साधारण 300 मिलिव्होल्टचा. त्यात 1 मिलिव्होल्ट घुसला तरी शांत खोलीत 50 हर्ट्झची घरघर स्पष्ट ऐकू येते. ॲम्प बिचारा मिळेल ते मोठं करून देतो.

या विषयावर ज्यांचं ऐकावं असे एक जाणकार म्हणजे बिल व्हिटलॉक. अमेरिकेतल्या जेन्सन ट्रान्सफॉर्मर्स या कंपनीचे ते अनेक वर्षं प्रमुख होते, आणि घरघर शोधण्याची शिस्त त्यांनी जगभरच्या ध्वनी तंत्रज्ञांना शिकवली. त्यांचं एक म्हणणं आपल्याकडे घरोघर सांगायला हवं: जमीन काही आवाजातला कचरा गिळून टाकत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा, मीठ, पाणी घालावं, जरूर घालावं, पण ते माणसाच्या जिवासाठी. त्यानं घरघर जाईलच असं नाही. घरघर जाते ती सगळी उपकरणं एकाच अर्थिंगवर आणल्यावर. म्हणून पहिला आणि फुकटचा उपाय असा: टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि ॲम्प एकाच बोर्डावरून चालवा.

त्यांची दुसरी शिकवण शोधण्याच्या पद्धतीची. अंदाजानं वायरी उपटायच्या नाहीत, मागून पुढे यायचं. व्हॉल्यूम पूर्ण बंद करा. तरीही तेवढीच घरघर राहिली तर दोष ॲम्पच्या पोटात आहे. बहुतेक वेळा पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकलेले किंवा फुगलेले असतात, आणि मग 100 हर्ट्झचा जरा खरखरीत आवाज येतो. व्हॉल्यूमबरोबर घरघर वाढत असेल तर ती बाहेरून येते आहे. ॲम्प बंद करून मागच्या सगळ्या इनपुट वायरी काढा, पुन्हा चालू करा. शांत झाला? मग प्रत्येक वेळी ॲम्प बंद करून एकेक वायर जोडत जा. डिशची वायर लागल्याबरोबर आवाज आला तर चोर सापडला. मोबाइल बॅटरीवर स्वच्छ वाजतो आणि चार्जर लावताच गुणगुणतो, तर चार्जर बदला.

वाट तोडायचीच असेल तर ती सिग्नलच्या बाजूनं तोडावी. ऑडिओ केबलमध्ये बसवायचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. तो आवाज जाऊ देतो आणि दोन उपकरणांमधली तारेची जोड मात्र तोडतो. वरवंडहून साठेक किलोमीटरवर पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी करावी. अर्थिंगच्या बाजूनं तोडणं कधीच नको.

बाकीचे दोष झटपट सांगता येतील. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते ती कंट्रोलमध्ये बसलेल्या धुळीची. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो. एक बाजू मध्येच गप्प होत असेल तर आधी पिना पुसा, मग ड्राय सोल्डर शोधा. दोन्ही स्पीकर चालू असून बास गायब असेल तर एकाच्या लाल-काळ्या वायरी उलट लागल्या आहेत. ॲम्प तापत असेल तर एका चॅनेलवर किती स्पीकर लादलेत ते पाहा: 8 ओहमचे दोन समांतर जोडले की 4 ओहम होतात, आणि ॲम्पवरचा भार वाढतो. झाकण मात्र स्वतः उघडू नका, आतली कामं मेकॅनिककडून करून घ्या. मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात.

आता त्या कापलेल्या पिनेकडे पुन्हा पाहा. ती पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब ठेवली आहे, म्हणजे वीज येण्याआधी अर्थिंग जोडली जाते. ती नसेल आणि आतला फेज पत्र्याच्या बॉडीला टेकला, तर फ्यूज उडत नाही. बॉडी 230 व्होल्टवर राहते. केबलच्या जाळीतून तोच व्होल्टेज धातूच्या माइकवर पोचतो. आरतीला तो माईक पोरांच्या ओल्या हातांत असतो.

अर्थिंग आहे की नाही हे टेस्टरनं कळत नाही. मल्टिमीटरचा आकडाही फसवतो, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही आणि निकामी अर्थिंगवरही चांगला आकडा दाखवू शकतो. त्यासाठी अर्थ टेस्टर लागतो आणि तो चालवणारा वायरमन. सोबत 30 मिलिॲम्पिअर करंट गळताच वीज तोडणारा आरसीसीबी मेन बोर्डावर बसवून घ्यावा.

मंडपांची वीज उत्सवाआधी तपासली जाते, ते योग्यच आहे. पण माईक आता घराघरांत आहे. ग्रामपंचायतींनी गावासाठी एक अर्थ टेस्टर घ्यावा आणि गणपतीआधी वायरमनची एक फेरी घरांतूनही काढावी. मंडळाच्या आवाजाचे डेसिबल मोजण्यावर आपण जेवढा जोर देतो, त्याचा थोडा भाग घरातल्या अर्थिंगचे ओहम मोजण्यावर दिला, तरी उत्सवात एखादा जीव वाचेल.