साठवणीतल्या पोलादी पाईपचा आतला गंज

पोलादी पाईपला बाहेरून गंज चढला तर तो लगेच दिसतो. तारेच्या ब्रशने घासून रंगाचा हात देता येतो. आतला गंज मात्र पाईप जोडून पाणी सोडेपर्यंत कळत नाही. मग व्हॉल्व्हच्या तोंडाशी तांबडा गाळ बसतो, गाळण्या तुंबतात, पंपाच्या सीलला चरे पडतात. एकदाही न वापरलेल्या, नुसत्या पडून राहिलेल्या मालाची ही गत होते आणि ती टाळणे मुळीच अवघड नाही.

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज धरतो. यांपैकी पाण्याला अटकाव करणे सर्वांत सोपे. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या पुढे गेली की पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. मीठ किंवा धूळ असेल तर सुरुवात त्याआधीच होते. कोकणपट्टीत पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वर असते, शिवाय खारे वारे. 30 अंश तापमानाला 80 टक्के आर्द्रता असली, तर पोलाद 26 अंशांवर उतरताच त्यावर दव धरते. उघड्या यार्डातला पाईप रात्री एवढा थंड सहज होतो.

टोपण लावताना आत कोंडलेल्या दमट हवेची अनेकांना धास्ती वाटते. हिशेब वेगळेच सांगतो. सहा मीटर लांब, आतून 100 मिलिमीटर व्यासाच्या पाईपमध्ये जेमतेम 47 लिटर हवा मावते. 30 अंशांना ती वाफेने पुरती भरलेली असली तरी तिच्यात दीड ग्रॅमही पाणी नसते. खरे नुकसान दुसऱ्याच पाण्याने होते. कारखान्यात पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्यावर आत राहून गेलेले पाणी पाईपच्या तळाशी लांबच लांब रेघ धरून बसते. त्यात माती, वेल्डिंगची खपली मिसळली की गाळाखाली ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि नेमका तिथेच धातू खोल खड्ड्यांनी पोखरला जातो. दुसरे पाणी येते ढिल्या टोपणातून. दिवसा तापलेली हवा फुगून बाहेर जाते, रात्री पाईप निवला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. रोज थोडे दव आत पडते आणि ते सुकायला वाट नसते. म्हणून अर्धवट बंद पाईप हा सर्वांत वाईट. उघडा ठेवावा किंवा पक्का बंद करावा.

थोड्या दिवसांसाठी छपराखाली दोन्ही टोके उघडी ठेवून वारा खेळता राहिला तरी पुरते. पाईप लाकडी ठोकळ्यांवर जमिनीपासून वीतभर उंच रचावेत आणि एक टोक चार बोटे वर ठेवावे, म्हणजे पाणी आपसूक निथळते. ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट गुंडाळू नये. जमिनीची ओल तिच्याखाली कोंडते. जस्त चढवलेले पाईपही ओले असताना चिकटून रचले, तर त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते.

महिनोन्‌महिने ठेवायचे असतील तर आधी सुकवणे, मग बंद करणे, हा क्रम मोडता कामा नये. कापडाचा बोळा ओढून आतला कचरा काढावा आणि कोरडी हवा सोडावी. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते, ते काढून टाकले नाही तर तीच हवा पाईप ओला करते. नंतर सिलिका जेलच्या पिशव्या किंवा गंजरोधक वाफ सोडणारी पावडर ठेवून टोपण घट्ट लावावे. ही वाफ धातूवर अतिशय पातळ थर धरते, पण टोपण उघडले की विरून जाते. तपासणीनंतर पावडर पुन्हा भरावी लागते. तेलाचा थरही उपयोगी पडतो, पण पिण्याच्या पाण्याच्या पाईपला तो चालत नाही. ऑक्सिजनच्या पाईपमध्ये तेलाचा अंशही धोक्याचा, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेते.

बॉयलरच्या नळ्यांसारख्या महागड्या मालात नायट्रोजन भरून बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त दाब राखतात. मोठ्या व्यासाच्या अशा पाईपमध्ये आतली हवा तपासल्याशिवाय कोणीही शिरू नये. माणूस गुदमरून क्षणात कोसळतो. साधा बंद पाईपही निर्धोक मानू नये, कारण आत गंज चढत असेल तर त्यात ऑक्सिजन खर्ची पडतो.

तपासणी सोपी आहे. एका टोकाला बॅटरी धरून दुसऱ्या टोकातून पाहावे आणि पांढरे फडके आरपार ओढावे. फडक्यावर नुसता तांबूस डाग आला तर पाईप घासून वापरता येतो. खपल्या किंवा ओली चिकट माती आली तर आतला तळ खड्ड्यांसाठी नीट पाहूनच तो पुढे पाठवावा.